कोरी बाटली

१२ ऑगस्ट

आलो एकदाचे. सामानाचा ट्रक आमच्या आधी पोचला होता आणि ड्रायव्हर आमच्याच सोफ्यावर, आमच्याच अंगणात पाय पसरून झोपला होता. त्याला उठवायचं जिवावर आलं. सासूबाईंनी फाटकातच नाक वर केलं, हवा हुंगली आणि निकाल दिला : पेट्रोल. नवरोबा म्हणाला, आई, समोर पेट्रोल पंपच आहे. त्या म्हणाल्या, बंद आहे ना, मग वास कशाचा. सासूबाईंचं नाक आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. शेजारणीचं दूध करपायच्या आधी त्यांना कळतं.

रस्त्यापलीकडे तो पंप. छपराचे पत्रे अजून आहेत, यंत्रं काढून नेलीत, त्यांच्या जागी सिमेंटचे ओटे आणि ओट्यांवर मांजरं. जमिनीखालच्या टाक्या वर्षानुवर्षं गंजत गेल्या आणि पेट्रोल थेंबाथेंबानं मातीत मुरत राहिलं. खाली पाणी लागलं तसं पाण्यावर तरंगायला लागलं. टाक्या उपसून नेल्या, पण जे मुरलं ते कोण उपसणार? म्हणून आजूबाजूला विहिरी पाडल्यात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मला नेमलंय. पेट्रोल कुठवर गेलं, कुणीकडे सरकतंय, एवढंच बघायचं. चोराला पकडायचं नाही, नुसता कुठे चाललाय ते कळवायचं.

घर मात्र मी डोळसपणे निवडलंय. आम्ही चढावर, पंप उतारावर, आणि जमिनीखालचं पाणीही उताराकडेच जातं. परसात स्वतःचं बोअर आहे, पाणी काचेसारखं. घरमालकानं तपासणीचा कागदही दाखवला. माझ्या लेकीनं, बिट्टीनं, सगळ्यात आधी जेवणाच्या टेबलाची जागा ठरवली, कारण नोव्हेंबरात तिला सातवं वर्ष पूर्ण होईल आणि केक तिथे ठेवायचाय. गेल्या वाढदिवसाला ती तापानं फणफणली होती, मेणबत्त्या फुंकायच्या राहून गेल्या. ते तिनं मला अजून माफ केलेलं नाही. यंदा एका फुंकरीत सगळ्या, असं तिनं ट्रकच्या ड्रायव्हरलाही सांगितलं.

१७ ऑगस्ट

विहीर म्हटल्यावर बिट्टी रहाट शोधत होती. या विहिरी म्हणजे जमिनीत उभ्या पुरलेल्या मनगटाएवढ्या नळ्या, वर लोखंडी झाकण. कागदावर त्यांना नंबर आहेत, पण नंबरांशी मला बोलता येत नाही. जुन्या टाक्यांच्या जागेशेजारची ती थोरली; झाकण उघडलं की वास थोबाडीत मारतो. शिंप्याच्या दुकानासमोरची मधली. शिंपी तिच्या झाकणावर खुर्ची टाकून बसतो आणि मी आले की राणीसाहेब आल्यासारखा उठतो. आमच्या कुंपणाला लागून आहे ती धाकटी. स्वच्छ, शहाणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मोजायला एक लांब फीत असते. टोकाला पोलादी बोंड, दुसरीकडे चकरी आणि छोटा भोंगा. फीत विहिरीत सोडत जायची. बोंड पाण्याला लागलं की ती तुटक ओरडते, टी-टी-टी. पेट्रोलला लागलं की एकच लांब सूर, न थांबता. मी तिचं नाव टिटवी ठेवलं. सासूबाईंना ते रुचलं नाही. टिटवी घरावर ओरडू नये म्हणतात, आणि तू तर तिला घरात घेऊन आलीस, असं म्हणाल्या.

माझ्या आधीच्या माणसानं भोंग्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती, एकावर एक, चांगली जाडजूड. बहुतेक डोकं दुखत असेल बिचाऱ्याचं. कामाची सूत्रं न देताच गेला तो, किल्ल्या शिंप्याकडे ठेवून. मी नखानं पट्टी खरवडून काढली.

रोज निघण्याआधी टिटवी बोलते की नाही हे बघायचं असतं. बाकीचे लोक पेलाभर पाण्यात बुडवून बघतात. आमच्याकडे बिट्टी बोट चाटते आणि बोंडाला लावते. टी-टी-टी. मग ती म्हणते, मी पाणी आहे, आणि दप्तर उचलते.

२६ ऑगस्ट

आज बाटल्यांची पहिली फेरी. महिन्यातून एकदा प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरून, बर्फाच्या पेटीत घालून लॅबला पाठवायचं. त्यांच्या बरोबर एक कोरी बाटली जाते. तिच्यात विहिरीचं नाही, चांगलं शुद्ध पाणी भरतात. ती शुद्धच निघायला हवी. तिच्यात पेट्रोल निघालं तर आपले हात, पेटी, बाटल्या, काहीतरी बरबटलेलं होतं असं धरतात आणि सगळी फेरी रद्द. कोरी बाटली म्हणजे घरातली सून. काहीही बिघडलं की आधी तिच्याकडे बघायचं.

तर शुद्ध पाण्याचा कॅन मी स्वयंपाकघरात ठेवला होता, आणि नवरोबानं तो इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतला. तो घरी बसून इमारतींचे नकाशे काढतो, वीज गेली की नकाशा जातो, म्हणून बॅटरीवर त्याचं बायकोपेक्षा जास्त प्रेम. कॅनवर मी मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली होती. ती त्याला वाचता येते असं माझं उगीचच मत होतं.

लॅबचा माणूस दारात गाडी चालू ठेवून उभा. दुकानात कॅन नाही. शेवटी मी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि कोरी बाटली घरच्या पाण्यानं भरली. बोअरचं, गाळलेलं, काचेसारखं. नियमात बसत नाही, पण चालून जातं.

१० सप्टेंबर

चाललं नाही. लॅबचा निरोप : कोरी बाटली खराब, फेरी रद्द. साहेबांनी मुख्य कार्यालयातून फोनवर विचारलं की बाटल्या धुता येतात ना. त्यांचं बोलणं नेहमी गोड असतं, त्यामुळे ते कुठे लागलं हे नंतर कळतं.

चूक माझीच असणार. थोरलीच्या वेळी घातलेले हातमोजे बदलले नसतील. पुढच्या खेपेला दाखवतेच.

१९ सप्टेंबर

बस्तान बसलं. सासूबाईंनी परसात टोमॅटो लावलेत आणि त्यांना असं पाणी पाजतात की टोमॅटोंनाच लाज वाटावी. बोअरचा पंप सकाळ-संध्याकाळ घुरघुरत असतो. त्यांची वासाची तक्रारही बंद झाली. मी म्हटलं, सवय झाली तुम्हाला. त्या म्हणाल्या, नाही गं, वासच गेला.

थोरलीतला पेट्रोलचा थर पातळ झालाय. टिटवीचा लांब सूर सुरू होतो न होतो तोच पाणी लागतं. साहेब खूश. निसर्ग स्वतःच साफसफाई करतो म्हणाले. मी नवी आहे, म्हणून मान डोलावली. पण पेट्रोल काही लाजून निघून जात नाही. इथलं कमी झालं तर ते कुठेतरी वाढलं असणार.

३० सप्टेंबर

दुसरी फेरी पाठवली. दुकानात आता कॅन मिळत होता. मी मुद्दाम घेतला नाही. बाटल्या उकळत्या पाण्यानं धुतल्या, हातमोजे दर विहिरीला नवे, आणि कोरी बाटली पुन्हा घरच्या नळाची. याच पाण्यावर मागच्या वेळी ठपका आला होता ना, मग याच पाण्यानं तो धुऊन काढायचा. नवरोबा म्हणाला, हट्टीपणाची लॅबमध्ये तपासणी होत असती तर तू पहिली आली असतीस.

९ ऑक्टोबर

फेरी रद्द. कोरी बाटली खराब. हात दाखवून अवलक्षण झालं. साहेब या वेळी गोड बोलले नाहीत.

घरीही आजचा दिवस बिनसलेला. बिट्टीनं शाळेसाठी थर्माकोलचं घर केलं होतं, खिडक्या-दारांसकट. सकाळी बघतो तर छप्पर आत बसलेलं, भिंतींना खळगे पडलेले, जणू कुणी आतून चाटून खाल्लंय. गोंद जास्त झाला असेल म्हटलं. ती रडून रडून थकली. मी तिचे डोळे पुसले, तर रुमाल लगेच कोरडा. आणि बर्फासारखा गार.

दूध उतू जाऊन करपलं. सासूबाई शेजारीच भाजी चिरत बसल्या होत्या. त्यांना कळलंच नाही.

१५ ऑक्टोबर

क्रमानं लिहिते.

सकाळी थोरलीत टिटवी सोडली. लांब सूर नाही. थेट टी-टी-टी. इतकी वर्षं पेट्रोलनं तुंबलेली थोरली, आणि आज नुसतं पाणी. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, अभिनंदन, वर्षाअखेर हे ठिकाण बंद करून टाकू. मग मी लॅबला फोन लावला, पेटी परत कधी येते एवढंच विचारायला. तिथली मुलगी बोलता बोलता म्हणाली, ताई, एक विचारू का, कोऱ्या बाटलीत तुम्ही भरता तरी काय. तिच्यातला आकडा थोरलीच्या सगळ्यात वाईट दिवसांपेक्षाही मोठा आहे.

मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. समोर नळ. खाली बिट्टीची पाण्याची बाटली भरून ठेवलेली.

काखेत कळसा नि गावाला वळसा. गावभर झाकणं उघडत फिरले आणि खरं बोलणारी एकच बाटली होती, तिला मी आणि लॅबनं मिळून दोनदा खोटं ठरवलं. पाणी उताराकडे जातं हे खरं, पण कुणी ओढलं नाही तर. सासूबाईंचे टोमॅटो, नवरोबाचं अंगण धुणं, टाकी भरून वाहीपर्यंत चालणारा आमचा पंप. आम्ही ते चढावर ओढून आणलं. आणि प्यायलो. ऑगस्टपासून रोज प्यायलो, त्यात चहा केला, माझ्या लेकीला त्यात औषध कालवून दिलं.

एक गोष्ट मात्र बसत नाही. पेट्रोल वर तरंगतं. आमचं बोअर खोल आहे, आणि वाटेतली धाकटी अजून स्वच्छ आहे. म्हणजे ते तिच्या पायाखालून, पाण्याच्या खाली बुडी मारून आलं. पेट्रोल असं करत नाही.

१६ ऑक्टोबर

पंपाची वायर काढली. पाण्याचे मोठे जार मागवले. नवरोबाला सगळं सांगितलं. तो घाबरला, पण माझ्याइतका नाही. त्याचं म्हणणं, पाण्याला वास नाही, चव नाही, आपल्याला काही झालंय का? आमच्या धंद्यात म्हणतात की वास येतो तोवर भिऊ नये, वास यायचा थांबला की पळावं.  संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, मला कशाचाच वास येत नाही गं. साबणाचाही नाही.

साहेब म्हणाले, रद्द झालेल्या फेऱ्या धरता येत नाहीत. कागदावर विहिरी स्वच्छ आहेत, आणि घरचं बोअर आपल्या कामात येत नाही. शिवाय ते पाणी शुद्ध म्हणून तुम्हीच पाठवलंत, खाली सही तुमची आहे.

२० ऑक्टोबर

चार दिवस जारचं पाणी. आज जरा बरं वाटत होतं. म्हणून मीच बिट्टीला हाक मारली, ये, टिटवीला बोलतं कर. ती पळत आली, बोट चाटलं, बोंडाला लावलं.

लांब सूर.

तिनं बोट काढलं, सूर थांबला. पुन्हा लावलं. पुन्हा तोच, अखंड, एका दमात. ती माझ्याकडे बघायला लागली. आज मी पाणी नाही का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बॅटरी गेलीय.

२१ ऑक्टोबर

बॅटरी नवी घातली. बिट्टीचे हात साबणानं धुतले, जारच्या पाण्यानं तीनदा खळखळून. तोंड धुवायला लावलं. लांब सूर.

जारच्या पाण्याचा पेला : टी-टी-टी.

तिची बोटं ओली राहतच नाहीत. पुसायच्या आधी कोरडी होतात, आणि गार पडतात. थर्माकोलचं ते घर माळ्यावरून खाली काढलं. खळगे मोजून बघायची गरज नव्हती. एकेका खळग्यात तिचं बोट बरोबर बसतं. थर्माकोल असा पेट्रोलनंच विरघळतो, हे मला कुणी शिकवायला नको.

२८ ऑक्टोबर

नवी टिटवी आली, सीलबंद. आधी पेल्यात. टी-टी-टी. शिंप्याला बोट ओलं करून लावायला सांगितलं, तो हसत हसत तयार झाला. टी-टी-टी. मग घरी.

बिट्टी : लांब सूर. सासूबाई : लांब सूर. नवरोबा आधी तयारच होईना, मग चिडून त्यानं बोट लावलं. लांब सूर. तो म्हणाला, बघ, सगळ्यांनाच ओरडतेय, म्हणजे यंत्रच बिघडलंय.

मी जीभ लावली. पोलाद थंडगार होतं.

आता कळलं माझ्या आधीच्या त्या माणसानं भोंग्यावर पट्ट्या का चिकटवल्या होत्या.

३ नोव्हेंबर

डॉक्टरांनी बिट्टीचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, छाती तपासली. ठणठणीत आहे म्हणाले. मी हट्टानं रक्त काढायला लावलं. आज निरोप आला : नमुना खराब, पुन्हा द्या. सुईला स्पिरिट राहिलं असेल, असं रक्त तपासणारे म्हणतात.

पुन्हा दिलं. मला माहीत आहे काय होणार ते. ते मला कसं ऐकतील? मी तरी माझ्या बाटलीचं कुठे ऐकलं होतं?

७ नोव्हेंबर

नमुना खराब. मला हसू आलं ते थांबेना. डॉक्टर नवरोबाला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले.

९ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते लिहिते. मी वेडी नाही, निदान अजून नाही.

सासूबाई चहा करत होत्या. बिट्टी शाळेतून आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि जांभई दिली. फुंकर घातली की ज्योत लांब जाते. ही ज्योत तिच्याकडे वळली. भांड्याखालून निघाली आणि तिच्या तोंडाकडे वाकली, लांब होत गेली, निळी. बिट्टीनं तोंड मिटलं आणि ज्योत परत जागेवर गेली.

सासूबाई साखर काढायला वळल्या होत्या, ज्योतीकडे त्यांची पाठ होती. नवरोबा बाहेर होता. मी एकटीनं पाहिलं. बिट्टीला ओढून बाहेर नेलं, इतक्या जोरात की तिच्या दंडावर वळ उठले. ती घाबरून रडली. मी तिला जवळ घेतलं आणि मला तिच्या श्वासाची भीती वाटली. माझ्या लेकीच्या श्वासाची.

१० नोव्हेंबर

काड्यापेट्या, गॅसचा लायटर, उदबत्त्या, सगळं थोरलीत टाकलं. सिलिंडर सोडून शिंप्याच्या अंगणात ठेवला. इस्त्री फोडली. विजेचं बटण दाबताना ठिणगी पडते, म्हणून संध्याकाळी दिवे लावू दिले नाहीत. नवरोबानं माझे दोन्ही हात धरून ठेवले. तो रडत होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. जळायच्या आधी कळलं तर कुणाला सांगायचं?

१२ नोव्हेंबर

बिट्टीला पाणी पाजतेय. जारच्या जार. आतलं धुऊन निघेल, असं वाटतं. आज ती ओकली. ओकारी फरशीवर पसरली, तिच्यावर रंग होते, पावसानंतर रस्त्यावर गाडीखाली दिसतात तसे. मी नवरोबाला ओरडून हाक मारली. तो येईस्तोवर फरशी कोरडी.

त्यानं पेला माझ्या हातातून काढून घेतला. मुलीला मारशील म्हणाला.

१४ नोव्हेंबर

गोळ्या. वरची खोली. बिट्टीला दिवसातून एकदा भेटू देतात, सासूबाई सोबत असताना.

कार्यालयाचं पत्र आलं, नवरोबानं वाचून दाखवलं. ठिकाण स्वच्छ. काम समाप्त. साहेबांनी तब्येतीची चौकशी केलीय.

१६ नोव्हेंबर

परवा वाढदिवस.

नवरोबाच्या पाया पडले. खरोखर, वाकून. मेणबत्त्या नकोत एवढंच मागितलं. बाकी तू म्हणशील ते, गोळ्या घेईन, टिटवीला हात लावणार नाही. तो हेलावला. त्यानं शब्द दिला. संध्याकाळी बॅटरीच्या मेणबत्त्या आणून दाखवल्या, प्लॅस्टिकच्या, लुकलुकणाऱ्या. मी एक हातात घेऊन बघितली. गार होती. आज शांत झोप लागेल.

१८ नोव्हेंबर

सकाळी बिट्टी नवा फ्रॉक दाखवायला वर आली. दोन वेण्या. मी तिला जवळ घेतलं, तोंड तिच्या केसांत ठेवलं. वास नाही. कशाचाच नाही. ती हिरमुसली होती. प्लॅस्टिकच्या मेणबत्त्या फुंकल्या तरी विझत नाहीत म्हणाली. तिनं करून बघितलं होतं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. ती म्हणाली, गेल्या वर्षी पण तू हेच म्हणालीस.

संध्याकाळ. जाग आली. गोळी जास्त दिली होती का — डोकं जड. खाली माणसं आहेत. मुलांचे आवाज, शिंप्याचा आवाज, शिंप्याच्या बायकोचा. ती म्हणतेय केक घरी केलाय. आणि मेणबत्त्या पण आणल्यात, खऱ्या.

सासूबाई म्हणाल्या, नको हो, तिच्या आईला — पुढचं ऐकू आलं नाही. मग बिट्टीचं रडणं. मग नवरोबा. एकदाच, म्हणाला. तिला कळणार नाही, झोपलीय.

दार बाहेरून लावलंय.

ओरडले. धक्के मारले. खाली गाणी मोठी केली. त्यांना वाटतं हे रोजचंच. आवाज बसला. पानं फाडून दाराखालून सरकवतेय. मेणबत्ती पेटवू नका. पेटवू नका. मोठी अक्षरं, म्हणजे बिट्टीला वाचता येतील.

कुणीतरी जिना चढलं. बिट्टी. फटीतून फ्रॉकची कड दिसते. तिनं पान उचललं. वाचलं, एकेक अक्षर लावून. म्हणाली, आई, रडू नकोस, मी जवळ जाणार नाही. लांबूनच फुंकर मारीन. जोरात.

लांबूनही नको बाळा फुंकर मारू न

गेली. खाली पळाली. पानावर पाय पडला तिचा.

शिंपी म्हणतोय, माझा लायटर आहे. सिगरेटचा. खटका. एकदा. पेटला नाही. पुन्हा —

पेटला. टाळ्या. गाणं म्हणताहेत सगळे. सासूबाईंचा आवाज नाही गाण्यात. सासूबाई, तुम्ही तरी. हुंगा. एकदा हुंगा ना —

टिटवी कपाटात आहे. तिचं बोंड कशालाही लागलेलं नाही. ओरडतेय. लांब.

गाणं संपलं. शांत झाले सगळे. ती श्वास घेतेय. इथवर ऐकू येतंय, केवढा मोठा. छाती भरून. बिट्टी तो आतच ठेव. राजा माझी. आत ठेव. सोडू नको सोडू नको सोडू न